मे महिन्यातले लोकरी मोजे

पहाटे पावणेपाचला उरवाई घाटी चढते मी.
पाठीवर सॅक, सॅकमध्ये आठ किलो कणीक.
दगड कशाला, कणीक परत डब्यात ओतता येते,
हा श्रीरंगचा हिशेब.
दोन्ही बाजूंना कातळातले तीर्थंकर उभे,
त्यांची सामानाची यादी केव्हाच संपलेली.
वरच्या वळणावर पोचते तोवर
भिंत हाताला कोमट लागते.
काल पारा सेहेचाळीसला होता. आज बघू.

प्रश्न एवढाच, की कधी जायचं.

श्रीरंग म्हणतो, मे. ह्याच मेमध्ये पळायचं इथून.
त्याला बर्फ हवाय, बूट बुडतील एवढा,
खिंडीत बसून
लष्करातल्या कूलरचा खडखडाट विसरायचाय.
मी म्हणते, सप्टेंबर सरताना.
पाऊस उरकलेला,
आभाळ घासूनपुसून पालथं घातलेलं,
आणि चौदा हजार फुटांवरून
शिखरामागचं शिखर, त्याच्याही मागचं तिसरं,
ज्याचं नाव नकाशात इतकं बारीक
की चष्मा पुसून वाचावं लागतं.

गढवालहून जयवीर राणा फोनवर सांगतो:
मेअखेर बर्फ आहे, पण दुपारी भुसभुशीत,
रात्री दोनला निघावं लागेल.
जूनमध्ये माणसंच माणसं.
जुलै-ऑगस्टात फुलं असतील, रस्ता नसेल.
सप्टेंबर बरा. ऑक्टोबर देखणा,
फक्त पाण्याची बाटली पांघरुणात घेऊन झोपायचं.
"आणि नोव्हेंबरात, मॅडम, मीच खाली येतो."

झाले डोंगराचे ऋतू. आता आमचे.
मार्च महालेखाकार कार्यालयाचा, तिथे श्वासही जमाखर्चात.
एप्रिल सासूबाईंच्या मोतीबिंदूचा.
जुलै लेकीच्या बाळंतपणाचा,
मग बारशाचा, मग पहिल्या वाढदिवसाचा.
ऑक्टोबरात दिवाळी कधी शिरते, कधी नाही.
डिसेंबरात मुरैन्याची गजक ताजी,
तीच सॅकमध्ये हवी असा एकाचा हट्ट,
पण डिसेंबरात इथेच धुक्यात
समोरच्या तोमरांचं फाटक दिसत नाही.

असे अकरा वर्षं महिने खोडत आलो.
वाण्याचं कॅलेंडर दरवर्षी नवं,
खिळ्याला दोऱ्याने बांधलेली पेन्सिल तीच, बोटभर उरलेली.
यंदा माझा डावा गुडघा बोलू लागला.
चढताना नाही, उतरताना.
डॉक्टर आंग्रे म्हणाले,
अजून दोन-तीन वर्षं काळजी नको.
मी त्यातलं फक्त "दोन-तीन" ऐकलं.

दुसऱ्या दिवशी अर्ज दिला.
तेवीस सप्टेंबरपासून चौदा दिवस.
कारणाच्या रकान्यात सवयीने "कौटुंबिक" लिहिलं,
मग खोडून "डोंगर".
भदौरियाजींनी चष्मा कपाळावर चढवला.
"हे कारण चालत नाही, मॅडम."
मग काय लिहू?
"कौटुंबिकच लिहा."
लिहिलं.

श्रीरंग दोन दिवस गप्प होता.
तिसऱ्या रात्री, दिवे गेलेले, गच्चीवर,
मला वाटलं झोपलाय,
तर म्हणाला, बर्फ अजिबातच नसेल का?
असेल, म्हटलं, सावलीत कुठेतरी. जुना. मळका.
"चालेल," म्हणाला,
आणि कूस बदलली.

आज संध्याकाळी बाड्याजवळ, नजरबागेत,
आम्ही लोकरी मोजे मागितले.
दुकानदाराने एकदा आमच्याकडे पाहिलं,
एकदा फिरत्या पंख्याकडे,
आणि पोऱ्याला माळ्यावर चढवलं.
डांबरगोळ्यांच्या वासाचं बोचकं खाली आलं.
चार जोड, निम्म्या किमतीत.
श्रीरंगने तिथेच चप्पल काढली,
घामट पायात एक मोजा चढवला,
घोट्यापर्यंत, मग पोटरीपर्यंत,
सुरकुत्या नीट केल्या,
आणि बराच वेळ
काढलाच नाही.