साठ किलोव्होल्ट

आगेदातल्या शेडमध्ये दिओलिंदा म्हणते,
आधी जुनं सगळं उतरवायचं.
वाळूच्या माऱ्याखाली सायकलचा सांगाडा
हिरवा होतो, मग पांढरा, मग कुणाच्या तरी हौशीचा लाल,
आणि शेवटी नुसतं करडं पोलाद,
शहारलेलं.

आता उघड्या हातानं शिवायचं नाही, तेल्मो.
बोटाचं तेल भट्टीतून ठसा होऊन बाहेर येतं.
आट्यांना रबरी बुचं. हूक घासून लख्ख:
जमिनीशी नातं नसेल
तर पावडर धरत नाही, नुसती भिरभिरते.

मग बंदूक. साठ किलोव्होल्ट.
गिरणीवाल्याच्या भुवयांवर पीठ बसावं
तशी निळी पावडर बसत जाते, न बोलावता.
फक्त पेडलच्या वर, नळ्या भेटतात त्या बेचक्यात
शिरत नाही.
तेल्मो व्होल्टेज वाढवतो. आणखीच उधळते.
"कोपऱ्यात जोर चालत नाही, पोरा,"
म्हणत ती बटण चाळिसावर आणते,
तिथून आणखी थोडं खाली.

भाऊ लक्झेंबर्गला गेल्यापासून
तेल्मो कुणाशी धड बोललेला नाही.

दोनशे अंश, वीस मिनिटं. भट्टीच्या काचेआड
पावडर वितळते, ओली दिसू लागते.
पंखा गुरगुरतो.
"त्याचा फोन येतो का?" दिओलिंदा विचारते,
भट्टीकडेच बघत, इतक्या हळू
की ऐकू आलं नाही म्हणायची सोय राहावी.

बारा मिनिटं उरलीत.
तेल्मो हातमोजे काढतो. पुन्हा घालतो.
"रविवारी," म्हणतो.