पाचर

आधी केबिन. मग दारं. मग पुढचे मडगार्ड,
सगळ्यात शेवटी बॉनेट.
हा क्रम मोडला की पुन्हा पहिल्यापासून.
हे मी दारियाला तीनदा सांगितलं
आणि स्वतः दोनदा मोडलं.

बाहेर उणे एकतीस. शेडमधल्या शेगडीने
पाठ भाजते, बोटं मात्र गारठलेलीच.
एक्कावन सालचा पिकअप,
तातोंनी एका बऱ्या सुगीच्या गव्हावर घेतलेला.

बोल्ट आवळायचे नाहीत. नुसते धरून राहतील इतके.
"म्हणजे किती?" दारिया विचारते.
निघालेला पाहुणा दारात उभा राहतो ना, तितके.
गेलेला नाही, थांबलेलाही नाही.

रंग ढवळायची चपटी काडी, हेच आमचं माप.
फटीत घालायची, वरून खाली ओढत न्यायची,
अडेल तिथे खडूची खूण.
उजवं दार आज्ञाधारक, दुपारपर्यंत बसलं.
डावं मात्र
खाली दीड सूत, वर चार.
खाली जमवलं की वर तोंड वासतं,
वर दाबलं की मडगार्डाला घासतं.
दारियाने खांदा लावून उचलून धरलं,
मी बिजागरीचा बोल्ट अर्धा फेरा फिरवला,
आणि दोघांनी मिळून त्या दाराला समजावलं,
तिला येतात तेवढ्या चारही युक्रेनी शिव्यांसकट.

मग फीत काढली.
चौकटीचे दोन कर्ण, कोपऱ्यातून कोपऱ्यात.
उजवीकडचे सारखे.
डावीकडे पाच सुतांचा फरक.
पुन्हा मोजले. पुन्हा पाच.
कारखान्यातून कुठलीही गाडी इतकी वाकडी येत नाही.
ही कधीतरी कलंडली होती. आणि कुणीतरी
खांबाला साखळी बांधून, ट्रॅक्टरने ओढून
सरळ केली होती. जमेल तितकी.

ती चालवणारे दोघेच, तातो आणि स्टेफान.
माझा पाय तेव्हा क्लचला पोचत नव्हता.

स्टेफान आता यॉर्कटनच्या वृद्धाश्रमात
पाचला जेवतो आणि सहाला चिडतो.
"डाव्या चौकटीत पाच सूत," मी फोनवर म्हणालो. बाकी काही नाही.
बराच वेळ त्याच्या टीव्हीचा आवाज आला.
"चौसष्ट," तो म्हणाला. "लग्नाहून येताना, मोरीपाशी.
पावलो कोवाल्चुकच्या ट्रॅक्टरने ओढली, उजाडेपर्यंत.
तातोंना कधी कळलं नाही."
साठ वर्षं जपलेलं, खिशातली चिल्लर
टेबलावर ठेवावी तसं ठेवलं त्याने.
दारिया ऐकत होती. त्याचीच मुलगी,
दाराखाली अजून तिचा खांदा.

खालची बिजागरी पूर्ण उतरवली
तेव्हा मागून एक पाचर पडली.
पत्र्याची, तिहेरी घडीची.
उलगडली. हिरवा रंग, सोनेरी अर्धं अक्षर.
तातोंच्या तंबाखूचा डबा.
कडा दगडावर घासून बोथट केलेल्या,
पुढे कधी कुणी काढेल त्याचा हात कापू नये म्हणून.

म्हणजे एका सकाळी त्यांनी दार उघडलं असेल,
ते लटकलं असेल जरासं.
उभे राहिले असतील, दाराच्या काठावर अंगठा फिरवत.
मग कुणाला हाक न मारता
पाना आणायला गेले असतील.
जेवताना काही बोलले नसणार. बोलले असते
तर आमच्या घरात ते कुणाला ऐकू गेलं नसतं असं नाही.

पाचर मारली म्हणतात लोक, कुणी काम बिघडवलं की.

"बाबांना सांगायचं?" दारियाने विचारलं,
आणि घड्याळाकडे बघून स्वतःच म्हणाली,
"सहा वाजून गेलेत."

नव्या स्टीलच्या पाचरींचं पाकीट उघडंच होतं, शंभर नग.
मी तातोंची पुन्हा घडी घातली, जुन्याच रेघांवर,
सरकवली जागेवर, वरून एक नवी.
बोल्ट पाहुण्याइतका. मग अर्धा फेरा.
काडी वरून सुटली,
मध्ये जरा थबकली,
खालपर्यंत गेली.

उद्या मडगार्ड.