पंच्याहत्तर

पहिल्यांदा एकाहत्तर.
दुसऱ्यांदा चौऱ्याहत्तर पूर्णांक वीस,
म्हणजे चिमूटभर मिठावाचून कालवण अळणी.

लुझविमिंडा हे नाव
अर्जाच्या चौकोनांत मावत नाही,
म्हणून सगळ्यांची ती लुझ.
काटबालोगानच्या धक्क्यामागे आई मासे सुकवते
आणि लुझ व्याख्या,
एका बाजूने इंग्रजी, उलटून वाराय.

मिठाच्या रिकाम्या पोत्यावर कोळशाने
बालविकासाचे टप्पे लिहिलेत:
लपवलेली वस्तू आहेच, हे बाळाला कधी कळतं,
न्याय कधी कळतो.
तिचं बाळ त्याच पोत्यावर निजतं.
कुठल्या टप्प्यावर, ते त्याला कुणी सांगितलेलं नाही.

रात्री भाऊ ट्रायसिकल लावून येतो,
उत्तरांची वही धरून प्रश्न विचारतो.
सहावीतून सुटलेला तो,
बरोबर पर्याय वाचताना हमखास खोकतो.
"खोकू नकोस, येतंय मला."
येत नसतं.

सप्टेंबर. पहाटेची व्हॅन, सान हुआनिकोचा पूल,
पारदर्शक पिशवीत दोन पेन्सिली.
एक मावशीने चर्चमधून मंतरून आणलेली.
लुझने दुसरीच वापरली;
आशीर्वाद असा तासून तासून संपवायचा नसतो.

प्रश्न अठ्ठ्याऐंशी.
वर्गात रोज झोपणारा मुलगा. शिक्षकाने प्रथम काय करावे?

तो तिच्या ओळखीचा.
रेनान्ते. तात्पुरत्या नोकरीतल्या वर्गात तिसऱ्या बाकावर.
रात्रभर बापासाठी कंदील धरायचा, खेकड्यांवर.
ती त्याला झोपू द्यायची
आणि मधल्या सुट्टीत भागाकार शिकवायची.
अ, ब, क, ड, कुठेच हे नव्हतं.

मागच्या दोन्ही खेपांना ती अशाच प्रश्नांपाशी अडली होती,
एखादा पर्याय पोराच्या अंगाला बसतोय का बघत,
आणि घड्याळ पुढे निघून गेलं होतं.
या वेळी तिने
"पालकांशी संपर्क साधावा" चा गोल
काठाबाहेर न जाऊ देता काळा केला.
माफ कर रे, म्हणाली.
आणि एकोणनव्वद.

आता घरावर फ्लेक्स लागलाय.
चेहरा आहे त्याहून गोरा,
नाव एकदाचं पूर्ण मावलेलं,
पुढे तीन नवी अक्षरं.
भाऊ येणाऱ्याजाणाऱ्याला वाचून दाखवतो, न खोकता.
आई हात लावून बघते,
दोन टोकांत किती वाव भरतो ते मोजते.
कापड चांगलं आहे, म्हणते,
सर आली की मासे झाकायला होईल.