सहा चिठ्ठ्या

मी सचिव. मला मत नाही.
पण अध्यक्ष ठरेपर्यंत त्या खुर्चीत मीच बसायचं,
असा नियम.
म्हणजे तीन वर्षांतून एकदा, दहा-पंधरा मिनिटं,
ग्लेनॉरिनची सगळी दारू माझ्या ताब्यात असते.

आमच्याकडे गुत्ता कुणा एकाचा नाही.
बार गावाचा, वरच्या खोल्या गावाच्या,
गल्ल्यात पडलेलं शेवटचं नाणंही गावाचं.
आपणच विकायचं, आपणच प्यायचं
आणि उरलेल्या नफ्यातून
शाळेच्या तलावावर छप्पर घालायचं.
हिशेब चोख आहे. मी स्वतः लिहितो.

नोव्हेंबर, म्हणजे इथला वसंत;
तरी दक्षिणेचा वारा खिडकीला खांदा लावून उभा.
खालून तळणाऱ्या माशाचा वास येतोय.
टेबलाभोवती सहाजण:
ऐलीन टलक विणकाम घेऊन,
तामाती पोहातू थेट लोकरकातरणीतून, बाह्यांवर मेंढ्यांचं तूप,
लेस्टर आणि ग्वेन्डा, एकमेकांशी न बोलणारे,
मर्डो लेडलॉ, बारा वर्षांचा अध्यक्ष, कानातलं यंत्र चाचपत,
आणि नायरी.

नायरी थेंबभरही घेत नाही.
तिच्या भावाची गाडी पुलाच्या कठड्यावर गेली
त्या रात्रीचा शेवटचा पेला
आमच्याच बारने भरला होता.
हे कुणी बोलत नाही.
मतपेटीत मात्र गाव बोललं:
सगळ्यांत जास्त मतं तिला.

नावं दोनच आली. मर्डो. नायरी.
चिठ्ठ्या वाटल्या, घडी घातल्या, माझ्यापुढे सरकल्या.
तीन-तीन.
पुन्हा वाटल्या.
ऐलीनच्या सुईवरचा एक टाका सुटला.
तीन-तीन.

मत गुप्त असतं म्हणे.
वीस वर्षं मी यांच्या सह्या पावत्यांवर पाहतोय.
मर्डोचं अक्षर मेंढीच्या लेंड्यांसारखं, सुटं सुटं.
नायरीचं मास्तरणीचं, कुठेही न तुटणारं.

सुट्या अक्षरांत लिहिलं होतं: नायरी.
न तुटणाऱ्या अक्षरांत: मर्डो.
दोन्ही वेळा.

मी वर पाहिलं.
तो खिडकीकडे बघत होता, ती आपल्या नखांकडे.
दोघांनाही वाटत असावं,
समोरच्याला खुर्ची हवी आहे.
किंवा दोघांनाही ठाऊक होतं, ती किती जड आहे.
मला विचाराल तर मी काही पाहिलंच नाही.

नियम म्हणतो, समसमान झालं तर चिठ्ठी टाका.
बर्फाची बादली रिकामी करून पुसली.
भांडी घासणारा पोरगा वर बोलावला,
त्याने ओला हात एप्रनला पुसला,
डोळे मिटायला कुणी सांगितलं नव्हतं, तरी मिटले.

नायरी.

मर्डोच्या कानातलं यंत्र शिट्टी वाजवत राहिलं,
त्याने ते बंद करायची घाई केली नाही.
हसला की सुस्कारला, ओळखू आलं नाही.
टाळ्या वाजल्या, तामातीच्या सगळ्यांत मोठ्या.

मी उठलो. खुर्ची अजून गरम होती.
ती बसली, पाय टेकेनात,
खालचा दांडा ओढून खुर्ची एक टप्पा खाली आणली.
मर्डोने जगातून तिला पाणी ओतलं,
काठोकाठ, सवयीने.

चौदा चिठ्ठ्या कोटाच्या खिशात कोंबून
मी इतिवृत्तात लिहिलं:
मतं समान. चिठ्ठीने निर्णय.

"पहिला विषय," ती म्हणाली,
"गुरुवारी बार किती वाजता बंद होतो?"
सगळ्यांना माहीत होतं.
तरी बराच वेळ
कुणीच सांगितलं नाही.