तुटेपर्यंत

पुखोवच्या प्रयोगशाळेतली भट्टी
चौदा दिवस सत्तर अंशांवर.
आत टांगलेल्या रबराच्या पट्ट्या, डमरूच्या आकाराच्या,
एकमेकींना न शिवता म्हाताऱ्या होताहेत.
बाहेर वाह नदीच्या काठाशी बर्फ.
ओटिलिया दार उघडते
आणि वास येतो वडिलांच्या कोटाचा.

व्लास्तिमिल एकतीस वर्षं मिक्सरवर होते.
पोतं फोडलं की काजळी उडायची,
पापण्यांत, नखांत, उशीच्या अभ्र्यात.
आई ते अभ्रे वेगळे धुवायची,
वेगळ्या दोरीवर वाळत घालायची.

आता अर्ध्या पट्ट्यांत सिलिका.
पिठासारखी पांढरी.
ओल्या रस्त्यावर घट्ट धरते, पेट्रोल वाचवते, सगळं खरं,
पण आपल्याच कणांना बिलगून बसते;
रबराशी तिची सोयरीक जमवायला
मध्ये सिलेन घालावं लागतं.
वर ओलावा पिते,
आणि वय लांबवायला घातलेलं औषध
स्वतःच्याच अंगावर ओढून घेते.
काजळी ऊन गिळते, रबराला लागू देत नाही.
म्हणून पांढऱ्या मिश्रणातही
चिमूटभर काजळी घालतात,
बाळाच्या गालावरच्या तिटेसारखी.

भट्टीत मात्र ऊन नसतं.
नुसती हवा आणि ऊब. पुरे होते तेवढी.

तुटेपर्यंत ताणू नये म्हणतात.
ओटिलियाला पगार त्याचाच मिळतो.
पट्टी दोन चिमट्यांत धरायची, यंत्र चालू करायचं,
आकडा चढत जातो, चढत जातो,
मग टक्.
काळी, तिप्पट झाल्यावर.
पांढरी, चौपटीच्याही थोडी पुढे.

तिनं पुन्हा केलं. जाडी पुन्हा मोजली.
मिश्रणाची चिठ्ठी वाचली: या खेपेला
सिलिकेत औषध जास्त पडलं होतं.
तरी तिसऱ्यांदा केलं.
टक्.
वहीत आकडा लिहिताना
पेन थोडं अडलं, एवढंच.

संध्याकाळी वडील विचारतात,
बोटं वाकत नाहीत म्हणून कप दोन्ही तळव्यांत धरून,
'कोण टिकलं?'
ती सांगते. औषधाचं सांगत नाही.
का, तिलाही माहीत नाही.

ते खोकल्याच्या मध्येच हसतात.
'चला, कुणाचे तरी अभ्रे पांढरे राहतील.'

बाल्कनीत अजून दोन दोऱ्या आहेत.
एकीवर टॉवेल गोठून ताठ झालाय.
दुसरी रिकामी,
आणि मधोमध, चिमट्यांच्या जागी,
पुसूनही न गेलेली
थोडी काळी.