मानेतली स्प्रिंग

फुरसुंगीच्या अलीकडं, पत्र्याच्या कुंपणाआड
पन्नासेक जुन्या गाड्या उन्हात उभ्या.
धुतलेल्या, टायरांना काळं फासलेलं,
बघायला पाहुणे येणार म्हणून नटवल्यासारख्या.

मी आधी पैसे काढले नाहीत,
क्रेट काढलं.
"ताई, हे काय?" कामठे शेठ.
"अंजीर. पिकलेलं. चोवीस नग."
"आम्हाला?"
"नाही, गाडीला."

त्याला कसं सांगू, सोनोरीच्या वरच्या अंगाला
आमचा मळा डांबरापासून पाऊण कोस आत आहे.
मध्ये ओढा, मग मुरमाचा चढ,
आणि एक वळण असं, की ट्रॅक्टरची ट्रॉली
फसली की दिवसभर तिथंच संसार मांडते.
म्हणून पहाटे चारला ठकूबाई
डोक्यावरून क्रेटं उतरवते.
सतरा वर्षं.
तिच्या मानेत कुणीतरी स्प्रिंग बसवलीय.
पाय दगडावर पडतो, धक्का कमरेत थांबतो,
वर फळाला पत्ताच नसतो.
ती स्प्रिंग शोधायला आले होते मी,
भिशीचे तीन लाख चाळीस हजार घेऊन.

पहिली लाल, उंच, चाकं माझ्या कमरेला लागतील एवढी.
भाचा म्हणाला, मामी, हीच!
कालव्याच्या कडेनं एक फेरी मारली.
अकरा फुटली.
"रिकामी आहे म्हणून उडते," कामठे म्हणाला,
"भार टाका, बसेल."
इलाही मिस्त्रीनं मान हलवली. खरंय त्याचं.
मग नवी चोवीस रचली, आणि चहाच्या टपरीवरची सहा माणसं
भार म्हणून मागं बसवली.
एकानं कप काही सोडला नाही.
आता सातच फुटली,
आणि एक शर्ट गेला.

दुसरी स्वस्त, लोण्यासारखी चालणारी,
पण जोर फक्त मागच्या चाकांना.
"ओढ्यात मागची राबतील," इलाही म्हणाला,
"पुढची नुसती बघत बसतील."
अशी घरं मी पाहिलीत.
म्हटलं, पुढची दाखवा.

तिसरी दाखवायची त्याच्या मनात नव्हतं.
वेल्ह्याकडं दुधाचे कॅन वाहिलेली,
रंग एकेकाळी दुधाचा, आता चहाचा,
डावं दार सुतळीनं बांधलेलं.
इलाही खाली सरपटला, टॉर्च, हातोडी,
टक टक, टक,
बराच वेळ त्याचे नुसते बूट दिसत होते.
मग जमिनीतून आवाज आला,
"चेसी सरळ आहे. पाटे कुणीतरी जाणत्यानं बदललेत."
फोर व्हीलचा दांडा दोन्ही हातांनी ओढावा लागला,
खट्ट झालं,
आणि कालव्याचा भराव ती
चारही पायांनी चढली, शेळीसारखी,
मुंडी खाली घालून, काही न बोलता.

दोन फुटली.
त्यातलं एक मुळातच उतू गेलेलं.

त्यानं पावणेचार सांगितले. मी तीन.
तो हसला. मी क्रेट पुढं केलं.
बोटं चिकट झाली की माणूस फार ताणत नाही.
तीन वीस.
राहिलेल्या वीस हजारांत दार, दोन टायर,
आणि इलाहीची मजुरी, जी त्यानं निम्मीच घेतली.

दिवे घाटात तापली. बाजूला घेतली,
बॉनेट उघडून तिघं कठड्यावर बसलो.
खाली पुणं नुसतं धुरकट,
वर डिझेलचा वास, आणि भाचा अजून
लाल गाडीच्या हॉर्नबद्दल बोलत होता.

चार दिवसांनी, पहाटे, वीस क्रेटं मागं रचली.
ठकूबाई पुढं बसली.
त्या वाटेवर ती पहिल्यांदाच बसली होती.
एकविसावं क्रेट तिनं मागं ठेवू दिलं नाही,
मांडीवर घेतलं.
"गाडी चांगलीय," म्हणाली,
"पण हे एक माझ्याकडं असू दे."

त्या वळणावर दांडा अडकला.
ब्रेक दाबून मी दोन्ही हात लावले,
तेवढ्यापुरतं स्टिअरिंग
तिनं धरलं.