आवक

बाजार समितीच्या पत्र्याच्या खोलीत
सव्वीस वर्षं मी पावत्या फाडतोय.
रंग, शिंगं, दात, खांद्याला घट्टा,
देणाऱ्याचं गाव, घेणाऱ्याचं गाव,
खाली अंगठा. हल्ली मोबाईल नंबर.

जुनं रजिस्टर उघडलं की कडब्याचा वास येतो
असं म्हणायला बरं वाटतं.
खरं तर उंदराच्या लेंड्या आहेत.
पण आकडे शाबूत आहेत:
पौषातला एक बाजार, बैल नऊशे बारा.
वानेरा, बालंक्या, शेवरा,
देवणीचे तिन्ही रंग मी तेव्हा वेगळे लिहायचो,
आणि लाल कंधारी असला तर लाल शाईनं.
तरुण होतो. हौस होती.

ट्रॅक्टरनं बैल खाल्ला म्हणतात लोक.
एका घासात नाही खाल्ला.
मी इथं बसून बघितलंय:
पूर्वी सकाळी विकणारा माणूस
दुपारी घेणारा व्हायचा,
थकलेली जोडी देऊन दोन दाती गोऱ्हे हाकत न्यायचा.
मग तो पैसे मोजून
सरळ एसटीत बसायला लागला,
दावं पिशवीत घालून.

लंपीच्या साली बाजार बंद होता.
त्या आठवड्यांपुढं मी आडव्या रेघा मारल्या,
मारा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं.

आता पिकअप येतात, जाळी लावलेल्या.
आत उस्मानाबादी बोकड, काळेभोर,
खुरांना कधी माती न लागलेले.
वाढवण्याच्या गोदावरी बिरादारचा शेड आहे,
फळ्यांचा मजला, शंभर दावणी,
सकाळी मक्याचा भरडा, सांजेला मुरघास.
ती बोकडाला नाव ठेवत नाही, तारीख ठेवते.
ईद कधी, आखाड कधी,
तिथून मागं मोजत पिल्लं भरते;
श्रावणात फळ्या धुऊन उन्हात टाकते
आणि माहेरी जाते.

मैनोद्दीन हेड्याला हे सगळं कळतं,
पण त्याचं उपरणं आता नुसतं घाम पुसायला.
त्या उपरण्याखाली दोन हात गेले
की चार माणसं श्वास धरून उभी राहायची.
आता काट्यावर लाल आकडे,
दहा फुटांवरच्या पोरालाही भाव दिसतो.

परवा बोकड चढला: अडतीस किलो चारशे.
मैनोद्दीननं बरगडीमागं हात फिरवला.
"दोन किलो पाणी हाय. मीठ चारलंय."
गोदावरी म्हणाली,
"अन् चार तास गाडीत मुतत आला, चाचा,
त्याचं कोण देणार?"
दोघं हसले. सदतीसवर तुटलं.

मार्चात नवा फॉर्म आला.
पहिला रकाना बोकड. दुसरा म्हैस.
बैल "इतर"मध्ये, गाढवाच्या शेजारी.
मी साहेबांना फोन लावला.
साहेब म्हणाले, आवक बघूनच छापतात, अण्णा.

दुपारी बाजार पांगला तेव्हा
मैनोद्दीन चपला काढून काट्यावर उभा राहिला.
चोपन्न किलो सातशे.
"बोला," म्हणाला, "काय भाव?"
पेन माझ्या हातातच होतं.
मी विचारलं, "दात किती?"
त्यानं आ केला. वर काहीच नव्हतं,
खाली तीन, तंबाखूनं काळे पडलेले.
मग उपरणं झटकून
त्यानं हात आत घातला, माझ्यापुढं धरला.

कारकुनानं तिथं हात घालायचा नसतो.
सव्वीस वर्षांत घातला नव्हता.
आत गरम होतं, दमट,
त्याची बोटं माझ्या बोटांवर दाबली गेली,
एकदा, थांबून पुन्हा एकदा.
किती, ते सांगायचं नसतं.

"साहेब," गोदावरी दारातनं म्हणाली,
"माझी पावती राहिली."